डुकराच्या तोंडात काय जातं, तिथून सुरुवात करा: वराहपालनातली रोगराई, निगा आणि सुरक्षित मांस

वराहपालनाची चौकशी करायला येणारा माणूस आधी विचारतो, जात कुठली घेऊ? मग विचारतो, अनुदान किती मिळेल? खायला काय घालू, हे विचारणारे फार थोडे. त्याचं उत्तर बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं: हॉटेलचं खरकटं. ते जवळपास फुकट मिळतं, डुकरं आवडीनं खातात आणि खाद्याचा खर्च वाचतो.

मी मात्र खाण्यापासूनच सुरुवात करणार आहे. डुकरांचा कळपच्या कळप संपवणारा रोग आणि डुकरामार्फत माणसाच्या घरात शिरणारा सगळ्यात वाईट जंत, दोन्हींची मुख्य वाट तोंडातून जाते. पाच-दहा माद्यांचं लहान युनिट डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. मोठ्या फार्मवर पगारी डॉक्टर असतात. लहान पाळणाऱ्याला बऱ्याच गोष्टी स्वतःच बघाव्या लागतात.

खरकटं घालायचं असेल तर आधी चूल मांडा

आफ्रिकन स्वाइन फीवर हे नाव आता वराहपालन करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. केनियात 1921 मध्ये या रोगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. 2007 मध्ये तो जॉर्जियात पोचला, ऑगस्ट 2018 मध्ये चीनमध्ये आणि 2020 मध्ये आसाम-अरुणाचलमार्गे भारतात. 2022 मध्ये केरळच्या वायनाडमधली डुकरं मारावी लागली. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांत मरतुक जवळजवळ शंभर टक्क्यांपर्यंत जाते. त्यावर औषध नाही आणि आपल्याकडे वापरायला लसही नाही.

हा विषाणू कमालीचा चिवट आहे. गोठवलेल्या मांसात तो कित्येक महिने टिकतो. खारवलेल्या, वाळवलेल्या किंवा कच्च्याच मुरवलेल्या मांसातही तग धरतो. चोरीस या गोव्याच्या पोर्क सॉसेजचा न शिजवलेला तुकडा, पोर्क धुतलेलं पाणी, कापताना बाजूला पडलेली चरबी, यांतलं काहीही खरकट्याच्या पिंपात पडू शकतं. पिंप भरून देणाऱ्या मुलाला त्याची कल्पनाही नसते.

2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची प्रचंड साथ आली आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्या साथीचा माग काढताना तपास नॉर्थम्बरलँडमधल्या एका डुकरांच्या फार्मपर्यंत पोचला. तिथे नीट न उकळलेलं खरकटं घातलं जात होतं. त्यानंतर ब्रिटनमध्ये आणि मग सगळ्या युरोपीय संघात खरकटं घालण्यावर बंदी आली.

माझं मत विचाराल तर खरकटं बंद करा. मका, भाताचा कोंडा, सोयापेंड, थोडी सुकट आणि मिनरल मिक्श्चर यांवर डुकरं पोसा. पण ज्याचं सगळं गणितच खरकट्यावर बसलंय, त्याला नुसतं बंद कर म्हणून भागत नाही. त्यानं निदान ते असं शिजवावं:

1. पिंप आलं की चाळून घ्या. हाडं, टूथपिक, प्लॅस्टिक, काचा बाहेर काढा. पोर्कचा तुकडा दिसला तर ते पिंप वापरूच नका, आणि त्या हॉटेलला मांसाचं उष्टं वेगळं ठेवायला सांगा.
2. दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपात पाणी घालून उकळत ठेवा. कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळलं, असं धरू नका. मधला गर खळखळायला लागला की घड्याळ लावा.
3. तिथून पुढे पूर्ण एक तास, सतत ढवळत. जागतिक पशुआरोग्य संघटनेचा निकष आहे 90 अंश सेल्सिअसला 60 मिनिटं, ढवळत राहून. ढवळलं नाही तर तळ करपतो आणि मधला गोळा कोमटच राहतो, आणि विषाणू नेमका त्याच गोळ्यात वाचतो.
4. कच्च्या खरकट्याची बादली आणि शिजलेल्याची बादली वेगळी. लाल आणि निळी, रंग ठरवून टाका. शिजलेलं खाद्य कच्च्याच्या बादलीत ओतलं की तासाभराची मेहनत वाया गेली.
5. चूल शेडच्या बाहेर हवी. कच्चं पिंप डुकरांच्या आवारात येताच कामा नये.

मिठाचं एक वेगळं सांगतो, कारण ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हॉटेलच्या रश्शात, लोणच्यात, फरसाणात मीठ भरपूर असतं. वर पाणी कमी पडलं की डुकराला मिठाची विषबाधा होते. ते भिंतीला डोकं लावून उभं राहतं, आंधळ्यासारखं गोल फिरतं, बसल्या जागी मागे ढकललं जातं आणि झटके येऊन पडतं. साथ आली म्हणून लोक घाबरतात, आणि खरं कारण असतं बंद पडलेला नळ. अशा वेळी एकदम भरपूर पाणी पाजलं तर मेंदूला सूज येऊन जनावर आणखी लवकर जातं. थोडं थोडं, अंतरानं पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. पिल्लं पाजणारी मादी दिवसाला 20 ते 30 लिटर पाणी पिते, हे धरूनच टाकी बसवा.

बुरशी आलेला मका स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्यातल्या एका विषामुळे तरण्या माद्यांचं योनिद्वार माजावर आल्यासारखं सुजतं, माज चुकतो, गर्भ राहत नाही. पाळणारा नराला दोष देत बसतो.

दार: कोण आत येतं

बाहेरून आणलेलं डुक्कर थेट कळपात सोडायचं नाही. किमान 30 दिवस लांबच्या वेगळ्या खोलीत ठेवा. त्याची बादली वेगळी, खराटा वेगळा, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. आठवडी बाजारातनं किंवा फिरत्या व्यापाऱ्याकडून घेण्यापेक्षा ओळखीच्या फार्मवरून, कळप बघून घेतलेलं बरं. साथीच्या बातम्या असताना खूप स्वस्तात डुकरं विकायला निघाली, तर तो टेम्पो आल्या वाटेनं परत पाठवा. पडत्या भावाचं कारण बहुतेक वेळा रोग असतो.

व्यापाऱ्याचा टेम्पो फाटकाबाहेरच थांबला पाहिजे. डुकरं तुम्ही बाहेर आणून द्या. त्याची माणसं आत नकोत. ती त्याच दिवशी आणखी चार ठिकाणी गेलेली असतात आणि शेण त्यांच्या चपलांना लागलेलं असतं. शेडमध्ये घालायचे गमबूट शेडमध्येच ठेवा. दाराशी पाय बुडवायचा हौद बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण त्यातलं पाणी आठवडाभर तेच असतं आणि वर चिखल तरंगत असतो. घाणीत जंतुनाशक काम करत नाही. आधी ब्रश आणि साबणानं बूट घासा, मग बुडवा, आणि पाणी रोज बदला. रिकाम्या खोलीसाठी 2 टक्के कॉस्टिक सोडा चालतो, पण तो कातडी जाळतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, आणि जनावर आत घेण्याआधी जमीन भरपूर पाण्यानं धुवा.

मोकाट डुकरं आणि रानडुकरं यांच्यापासून कुंपण हवंच. कोकणात आणि विदर्भात रानडुकरं शेडच्या मागच्या उकिरड्यापर्यंत येतात. रानडुकराचं मांस किंवा आतडी शेडच्या आवारात आणू नका.

जागा, ऊन आणि करमणूक

डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. चिखलात लोळणं ही त्याची अंग गार ठेवायची पद्धत आहे; घाणीची आवड म्हणून ते लोळत नाही. पारा 25 अंशांच्या वर गेला की मोठ्या डुकराला उष्णता जाणवायला लागते, आणि मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. पत्र्याला बाहेरून चुना मारा, वर पाचट टाका, बाजू मोकळ्या ठेवा. दुपारी मानेवर, खांद्यावर थेंब थेंब पाणी पडेल अशी नळी लावा. तापलेल्या, धापा टाकणाऱ्या डुकरावर एकदम बर्फाचं पाणी ओतू नका.

जागेचा अंदाज असा: वाढत्या डुकराला आकारानुसार 10 ते 20 चौरस फूट आणि व्यायच्या मादीच्या खोलीला 75 ते 100 चौरस फूट. दाटी झाली की डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावतात. एका शेपटीतून रक्त आलं की बाकीची तिच्याच मागे लागतात आणि जखम चिघळून पाठीच्या कण्यापर्यंत जाते. बरेच जण यावर पिल्लांच्या शेपट्या कापून टाकतात. मला ते पटत नाही. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशातही सरसकट शेपट्या कापायला मनाई आहे. आधी जागा आणि वातावरण सुधारा, असं तो सांगतो. डुक्कर हुशार जनावर आहे, त्याला दिवसभर नाकानं काहीतरी उकरायला लागतं. मूठभर पेंढा, रताळ्याचे वेल, नारळाची सोडणं, टांगलेला काथ्याचा दोर, यांतलं काहीही चालेल. चावाचावी सुरू झालीच तर चावणारं डुक्कर आणि चावलेलं डुक्कर, दोन्ही बाजूला काढा आणि मग हवा, पाणी, दाटी तपासा.

वेत: पहिले सहा तास

मादी फळल्यापासून 114 दिवसांनी विते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असं लक्षात ठेवलं की पुरतं. आठवडाभर आधी तिला साबणानं धुऊन स्वच्छ खोलीत घ्या. भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून वीतभर उंच असा लोखंडी पाइप चारही बाजूंनी लावा. मादी भिंतीला टेकत खाली बसते तेव्हा पिल्लं त्या पाइपाखाली सरकून वाचतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत चिरडून मरणारी पिल्लं पाहिली की या साध्या पाइपाची किंमत कळते.

डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात असताना प्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि चोवीस तासांत आतड्याची ती दारं बंद होतात. म्हणून प्रत्येक पिल्लानं पहिल्या सहा तासांत चीक प्यायला पाहिजे. दुबळं पिल्लू मागे पडतं. त्याला उचलून छातीकडच्या आचळाला लावा, तिथे दूध जास्त असतं. पिल्लाला 32 ते 34 अंशांची ऊब लागते आणि मादीला गारवा. म्हणून पूर्ण खोली गरम करू नका. एका कोपऱ्यात गोणपाट, वर बल्ब आणि पिल्लापुरती फट ठेवा. सगळी पिल्लं एकावर एक चढली असतील तर त्यांना थंडी वाजतेय, आणि बल्बपासून लांब पसरली असतील तर बल्ब वर घ्या.

तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन. पिल्लाला रोज साधारण 7 मिलिग्रॅम लोह लागतं आणि दुधातून जेमतेम 1 मिलिग्रॅम मिळतं. मातीत उकरणाऱ्या पिल्लाला थोडं मातीतून मिळायचं, सिमेंटवर वाढणाऱ्याला तेही मिळत नाही. मानेत, कानामागे, 200 मिलिग्रॅम. ते चुकलं की तिसऱ्या आठवड्यात पिल्लं पांढुरकी, धापा टाकणारी आणि हगवण लागलेली दिसतात.

रोजची फेरी

सकाळी खाद्य टाकताना जे डुक्कर उठत नाही, तेच तुमचं पहिलं काम. ताप बघा: गुदद्वारात थर्मामीटर, दोन मिनिटं. 101.5 ते 103 फॅरनहाइट ठीक, 105 च्या वर गेलं तर गंभीर. तापाची तारीख आणि आकडा वहीत लिहा.

साधा (क्लासिकल) स्वाइन फीवर हा आफ्रिकनपेक्षा वेगळा रोग, आणि त्याची लस आहे. ती पिल्लं दोन-तीन महिन्यांची असताना आणि पुढे दरवर्षी टोचून घ्या. लाळ्या-खुरकताचीही घ्या. खरजेसाठी आयव्हरमेक्टिन वापरतात: 1 टक्क्याचं इंजेक्शन, 33 किलो वजनाला 1 मिली, कातडीखाली, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. पण औषधाच्या बाटलीवर मांस किती दिवस वापरू नये ते लिहिलेलं असतं. तो काळ संपेपर्यंत ते जनावर विकायचं नाही. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांच्या खाद्यातून देण्यावर भारतात 2019 पासून बंदी आहे. तरी वजन वाढवण्याची पावडर म्हणून कुणी काही खपवत असेल तर पाकिटावरचा मजकूर वाचा.

भातपट्ट्यात, भंडारा-गडचिरोलीकडे, शेड वस्तीपासून लांब बांधा. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या रक्तात वाढतो आणि क्युलेक्स डास तो माणसापर्यंत नेतात. डुक्कर आजारी दिसत नाही. गाभण मादी मात्र मेलेली पिल्लं टाकते.

संडास बांधा: फीतकृमीची गोष्ट

हा भाग सगळ्यात नीट वाचा.

टीनिया सोलियम नावाचा फीतकृमी माणसाच्या आतड्यात राहतो. दोन ते सात मीटर लांब होतो आणि वर्षानुवर्षं जगतो. त्याचे तुकडे शौचातून पडतात, आणि एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. उघड्यावरची ती घाण डुकरानं खाल्ली की अंड्यातला जीव त्याच्या स्नायूंत जाऊन बसतो आणि दोन-तीन महिन्यांत भिजलेल्या साबुदाण्यासारखी पाणीदार गाठ तयार होते. ते मांस अर्धकच्चं खाल्लं की माणसाच्या पोटात नवा फीतकृमी वाढतो.

पण आकडी आणणाऱ्या मेंदूतल्या गाठी मांस खाऊन थेट होत नाहीत. त्या होतात फीतकृमीची अंडी पोटात गेल्यानं: न धुतलेल्या हातांतून, मैल्याचं पाणी दिलेल्या कोथिंबिरीतून, दूषित विहिरीतून. त्यामुळे जन्मात पोर्कला न शिवलेल्या शाकाहारी माणसालाही हा आजार होतो, आणि आपल्या देशात मिरगीचं हे एक मोठं कारण आहे. डुकराला शिव्या देऊन ही साखळी तुटत नाही. ती तुटते माणसाच्या संडासापाशी.

म्हणून शेडवर काम करणाऱ्यांसाठी संडास, साबण आणि पाणी, हा खर्च डुकरं आणण्याआधीचा. डुकरं मोकाट सोडू नका. पूर्वी गोव्यात आणि कोकणात काही ठिकाणी संडास आणि डुकराचा खोपा जोडूनच असत. असं काही कुठे उरलं असेल तर ते आजच मोडा.

जिवंत डुकरात गाठी आहेत का, हे जिभेवरून थोडंफार कळतं. डुक्कर आडवं पाडून तोंडात आडवी काठी धरा, फडक्यानं जीभ बाहेर ओढा आणि खालच्या बाजूनं बोट फिरवा. टणक गोल दाणे लागले तर ते जनावर खाण्यासाठी विकायचं नाही. काही लागलं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. थोड्या गाठी असलेली डुकरं या तपासणीत निसटतात.

यावर चांगलं संशोधन झालंय. मेलबर्न विद्यापीठात तयार झालेली टीएसओएल 18 ही लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सनं डुकरांसाठी बनवली. ती नवीन गाठी होऊ देत नाही. जुन्या गाठींवर ऑक्सफेंडाझोल, किलोला 30 मिलिग्रॅम, एकच मात्रा, पशुवैद्यकाच्या हातूनच. दोन्ही मिळून वापरलं तर फार चांगला परिणाम मिळतो. उत्तर पेरूतल्या टुम्बेस भागात माणसांना आणि डुकरांना एकाच वेळी औषध देऊन, डुकरांना लस टोचून या जंताचा प्रसार थांबवता आला. ते निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले.

अचानक मरतूक झाली तर

तीव्र ताप, खाणं बंद, कान-पोट-मांड्यांवर लाल-जांभळे डाग, रक्ताची हगवण, गाभण माद्या गाभडणं आणि काही दिवसांत एकामागून एक मृत्यू. साधा स्वाइन फीवर आणि आफ्रिकन स्वाइन फीवर नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात, निदान तिथे होतं.

तोवर फाटक बंद. एकही डुक्कर, मांस किंवा खाद्याचं पोतं बाहेर जाऊ देऊ नका. मेलेलं जनावर शेडमध्ये फाडू नका, नदी-ओढ्यात टाकू नका. 1962 या टोल फ्री नंबरवर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या 2009 च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे. रोग सिद्ध झाला तर 1 किलोमीटरच्या आतली डुकरं मारली जातात आणि 10 किलोमीटरपर्यंत पाहणी होते. नियमानुसार भरपाई मिळते, पण मारलेल्या डुकरांची. मेलेल्यांची सहसा मिळत नाही. लवकर कळवण्यात तुमचाच फायदा आहे. घाबरून रातोरात कळप विकणारा माणूस आपला तोटा शेजाऱ्याच्या गळ्यात घालतो आणि रोग तालुकाभर फिरवतो.

कापण्याच्या दिवशी आणि स्वयंपाकघरात

कापण्याआधी 12 तास खाद्य बंद, पाणी चालू. वाहतूक रात्री किंवा पहाटे. काठीनं मारत नेलेल्या, घाबरलेल्या डुकराचं मांस फिकट, मऊ आणि पाणी सुटणारं होतं. गिऱ्हाईक ते परत आणतं. हाकायला फळी वापरा. परवाना असलेल्या कत्तलखान्यातच न्या, कारण जीभ, जबडा, हृदय आणि छाती-पोटामधला पडदा कापून गाठी बघणारा डॉक्टर तिथे असतो. मुंबईत देवनारला डुकरांचा वेगळा विभाग आहे.

घरी पोर्क शिजवताना अख्ख्या तुकड्याच्या मध्यापर्यंत 71 अंश पोचले पाहिजेत. कुकरमध्ये ते सहज होतं. भीती असते ती जाड तुकड्याच्या भाजणीत आणि खिम्यात. चोरीस कच्चे चाखू नका, तव्यावर नीट परतून खा. कच्च्या पोर्कची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर कांदा-टोमॅटो कापू नका.

आणि घरात कुणाच्या शौचात पांढरे, चपटे, फितीसारखे तुकडे दिसले, तर दुकानातून जंताची गोळी आणून देऊ नका. प्राझिक्वांटेलसारख्या औषधानं मेंदूत लपलेल्या गाठी चेतल्या तर आकडी येऊ शकते. आधी डॉक्टरांना दाखवा, पूर्वी कधी आकडी आली असेल तर ते आवर्जून सांगा, आणि एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.